पाच भोकं आणि एक चीर

पोहण्याच्या बाईंचं वजन एकशे सोळा किलो होतं आणि त्या ते कुणापासून लपवत नसत. लपवणार तरी कुठे? रोज सकाळी साडेसहाला पोहण्याचा पोशाख घालून, गळ्यात शिटी अडकवून त्या तलावाच्या काठावर उभ्या राहत, तेव्हा नव्याने नाव घातलेली मुलं आधी त्यांच्याकडे बघत आणि मग एकमेकांकडे. बाई त्यांना पोटभर बघू देत. मग म्हणत, "झालं बघून? आता हे बघा." आणि काठावरून सरळ सूर मारत. पाणी म्हणावं तेवढं उडतसुद्धा नसे. पाण्याखालून जवळजवळ पलीकडच्या काठापर्यंत जाऊन त्या डोकं वर काढत, तोवर इकडे मुलांनीच श्वास रोखून धरलेला असे. एरवी घराचे दोन जिने चढताना धापा टाकणारी ही बाई पाण्यात शिरली की हलकी होऊन जाई.

नगरपालिकेच्या तलावावर त्यांना चोवीस वर्षं झाली होती. निम्म्या गावाला त्यांनी पाण्यात ढकललं होतं, आणि उरलेल्या निम्म्याला काठावर बसवून धीर दिला होता. त्यांचे मिस्टर घड्याळं दुरुस्त करत. दुकान कपाटाएवढं, आणि मिस्टर त्या कपाटात सहज मावतील इतके सडपातळ. दोघं शेजारी उभी राहिली की लांबून दहाचा आकडा दिसतो, असं तलावावरची मुलं म्हणत. बाईंनी ते ऐकलं होतं, घरी येऊन मिस्टरांना सांगितलं होतं, आणि मिस्टर दोन दिवस स्वतःशी हसत होते.

त्रेपन्नाव्या वर्षी बाईंचं वजन आपोआप कमी व्हायला लागलं. दोन महिन्यांत पाच किलो गेले. बाई खूश. त्यांची थोरली बहीण, जी बावन्न किलोच्या वर कधी गेली नाही आणि जिने धाकटीच्या ताटाकडे आयुष्यभर डोळे वटारून पाहिलं, तीही खूश. जन्मात पहिल्यांदा तिने धाकटीचं तोंडभरून कौतुक केलं. त्यामुळे सकाळी शौचाला रक्त पडतं, हे बाईंनी कुणाला सांगितलंच नाही. मूळव्याध असेल म्हणून सोडून दिलं. कौतुक चालू असताना मध्येच असला विषय कोण काढणार?

मिस्टरांच्या मात्र लक्षात आलं. रक्त नाही, दम. बाई जिन्यावर आधी एकदा थांबत, आता तीनदा थांबायला लागल्या होत्या. एका सकाळी तर सूर मारून त्या तलावाच्या मध्यावरच वर आल्या आणि दोरी धरून उभ्या राहिल्या. मुलांना वाटलं, बाई काहीतरी नवीन शिकवताहेत. त्याच दिवशी दुपारी मिस्टरांनी दुकानाला कुलूप घातलं आणि बाईंना घेऊन ते नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ. मग बाईंना सगळं सांगावंच लागलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि मूळव्याध आहे असं धरून चालू नका, मोठं आतडं दुर्बिणीतून तपासून घ्या, असं सांगितलं.

तपासणीच्या आधी आतडं साफ करायला जे औषध प्यावं लागतं त्याबद्दल बाई आजही तासभर बोलू शकतात, आणि कुणी जेवायला बसलेलं असलं तरी थांबत नाहीत. तपासणीत मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणावर गाठ निघाली. तुकडा तपासायला गेला. आठवड्याने कागद आला. कॅन्सर.

मिस्टरांनी तो कागद तीनदा वाचला आणि घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. बाईंच्या तोंडातून निघालं ते भलतंच. त्या म्हणाल्या, "म्हणजे ते पाच किलो मी कमी केलेच नव्हते."

स्कॅनमध्ये गाठ आतड्यापुरतीच दिसली, यकृतात किंवा फुप्फुसात काही नव्हतं. तेवढा जीव भांड्यात पडला. ऑपरेशन करायचं हे ठरलं. कसं करायचं यावर मात्र गाडं अडलं.

इस्पितळात आतड्यांची ऑपरेशनं करणारे दोन सर्जन होते. एक मोठे डॉक्टर, पांढऱ्या मिशांचे, तीस वर्षं याच कामात मुरलेले. दुसऱ्या छोट्या डॉक्टर, वयाने चाळिशीच्या आणि उंचीने बाईंच्या खांद्याला लागतील एवढ्या. ऑपरेशनच्या वेळी त्या पायाखाली पाट घेतात, असं नर्सने बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं.

मोठ्या डॉक्टरांचं मत सरळ होतं. पोट उघडून करू. वजनदार माणसाच्या पोटात आतही चरबी भरलेली असते, दुर्बिणीला हलायला जागा मिळत नाही, नीट दिसत नाही, वेळ दुप्पट लागतो. मोठी चीर घेतली की सगळं डोळ्यांसमोर. छोट्या डॉक्टरांनी नेमकी उलटी बाजू मांडली. वजनदार माणसाला खरा त्रास होतो तो चिरेचाच, असं त्या म्हणाल्या. कातडीखाली चरबीचा जाड थर असला की जखम लवकर मिळून येत नाही, पू होतो, पुढे तिथून हर्निया निघतो. शिवाय मोठी चीर दुखते म्हणून माणूस खोकत नाही, चालत नाही, आणि मग छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गाठी होतात. भोकं पाडून केलं तर दुसऱ्या दिवशी माणूस उभा राहतो. करणाऱ्याचा हात तयार असेल तर कॅन्सर दोन्ही पद्धतींनी सारखाच निघतो, यावर मात्र दोघांचं एकमत होतं. निर्णय त्यांनी बाईंवर सोडला.

घरी यावर तीन दिवस खल झाला. थोरली मोठ्या डॉक्टरांच्या पक्षात. डोळ्यांनी बघून काढतील ते बरं, टीव्हीवर बघून कसलं ऑपरेशन करतात, असं तिचं म्हणणं. बाईंनी मिस्टरांकडे बघितलं. हा माणूस आयुष्यभर भिंगातून बघत बारीक चिमट्याने काम करत आलेला, हा नक्की दुर्बिणीच्या बाजूने बोलणार, असं त्यांना वाटलं.

मिस्टर म्हणाले, "घड्याळाचं विचार. पोटातलं मला कळत नाही."

मग बाई एकट्याच छोट्या डॉक्टरांकडे गेल्या. तपासणीच्या खोलीतली खुर्ची हातांची होती, त्यात त्या बसत नव्हत्या, म्हणून तपासायच्या पलंगाच्या कडेवर बसल्या. आणि मुलाला तलावात घालण्याआधी आईबाप जसे त्यांना विचारत, तसं त्यांनी सरळच विचारलं.

"माझ्याएवढ्या माणसांची किती केलीत तुम्ही?"

"तुमच्या वजनाच्या आसपासची एकोणीस," डॉक्टर म्हणाल्या. "त्यातल्या चौघांना मध्येच पोट उघडावं लागलं."

"आणि त्या चौघांचं काय झालं?"

"चौघंही आहेत. एकाला जखमेने फार छळलं. तीन महिने."

आकडे तयार होते, आणि हातचं काही राखून ठेवलेलं नव्हतं. बाईंना ते आवडलं. त्यांनी एकच अट घातली. आत गेल्यावर दिसेनासं झालं तर हट्ट करायचा नाही. पाण्यातसुद्धा सगळ्यात लवकर धोक्यात येतो तो हट्ट करणारा, हे त्यांनी चोवीस वर्षं बघितलं होतं. डॉक्टरांनी आपला नियम सांगितला: पाऊण तास काम पुढे सरकलं नाही तर दुर्बीण बाजूला ठेवायची आणि उघडायचं. बाईंनी तिथेच सही केली.

मोठ्या डॉक्टरांना हे सांगायला त्या स्वतः गेल्या. आपण कुणाचा तरी अपमान करतोय अशा चेहऱ्याने त्या दारात घुटमळत होत्या. मोठे डॉक्टर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवून एवढंच सांगितलं, की त्या दिवशी ते शेजारच्याच ऑपरेशन थिएटरमध्ये असतील, मध्ये फक्त एक दार आहे.

ऑपरेशनला तीन आठवडे होते. त्या काळात शिरेतून लोह दिलं गेलं, खाण्यातलं तेल आणि साखर गेली, सकाळ-संध्याकाळ चालणं आलं. भूल देणारे डॉक्टर तपासायला आले तर ते स्वतःच शंभर किलोच्या पुढचे निघाले. मीही तुमच्याच पार्टीतला, असं म्हणत ते पलंगावर टेकले, आणि पलंगाने दोघांच्या नावाने एक मोठा सुस्कारा सोडला. त्यांना काळजी होती ती वेगळीच. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात गॅस भरतात, आणि टेबल तिरकं करून डोकं खाली, पाय वर असं कित्येक तास ठेवतात, म्हणजे आतडी बाजूला सरकतात. पण मग पोटाचं सगळं ओझं छातीवर येतं. फुप्फुसं टिकली पाहिजेत. म्हणून त्यांनी बाईंच्या हातात तीन चेंडूंचं प्लास्टिकचं खेळणं दिलं. नळीतून श्वास आत ओढायचा, चेंडू वर जातात. एक गेला तरी सुरुवातीला पुष्कळ, असं ते म्हणाले.

बाईंनी नळी तोंडात धरली. तिन्ही चेंडू खटकन वर गेले आणि वरच चिकटून राहिले. भूलवाले डॉक्टर वाट बघत बसले. शेवटी त्यांनी हातातल्या घड्याळाकडे बघितलं. मग खेळणं काढून घेत कबूल केलं की त्यांचे स्वतःचे दोनच वर जातात.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आठला बाईंना आत नेलं. भूल देताना दहापासून उलटे आकडे मोजायला सांगितले होते. आठपर्यंत पोचल्याचं बाईंना आठवतं. बाहेर मिस्टर आणि थोरली बाकावर. तीन तास लागतील असं सांगितलं होतं, पाच लागले. त्या वेळात थोरलीने मिस्टरांना बाईंच्या लहानपणापासूनच्या खाण्याचा सगळा इतिहास ऐकवला आणि मिस्टरांनी तो शांतपणे ऐकून घेतला. आत काय चाललंय ते दोघांनाही माहीत नव्हतं, आणि बोलत राहणं हा थोरलीचा आणि गप्प राहणं हा मिस्टरांचा घाबरण्याचा प्रकार होता.

बाई शुद्धीवर आल्या तेव्हा पहिला हात पोटावर गेला. त्यांनी चाचपून बघितलं. इकडे एक छोटी पट्टी, तिकडे एक, अशा पाच. भोकं. आणि मग बेंबीखाली हाताला लागली ती लांबच लांब जाड पट्टी. बाईंनी हात काढून घेतला. त्यांना रडू आलं, आणि रडलं की पोट दुखतं हे कळल्यावर तेही थांबवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी छोट्या डॉक्टर आल्या आणि स्टूल ओढून बसल्या.

"उघडावं लागलं," त्या म्हणाल्या.

"पाऊण तास थांबलात?"

"बेचाळीस मिनिटं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. वरचा भाग, म्हणजे आतडं बरगड्यांखालून सोडवून खाली आणायचं काम, दुर्बिणीतून छान झालं होतं. तिरकं टेबल बाईंच्या फुप्फुसांनी निभावून नेलं, भूलवाले डॉक्टर तर शिट्टी वाजवत बसले होते. पण खाली ओटीपोटात, गाठीजवळ, चरबी पुन्हा पुन्हा दुर्बिणीसमोर घसरून येत होती. एकदा बाजूला केली की पुन्हा समोर. रक्तवाहिनी कुठली आणि मूत्रवाहिनी कुठली हे शंभर टक्के सांगता येईना. तेव्हा त्यांनी हत्यारं खाली ठेवली आणि शेजारच्या दारातून मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. बारा सेंटिमीटरची चीर घेतली, दोघांनी मिळून गाठ काढली, आतडं जोडलं. शौचासाठी पोटावर पिशवी लावावी लागली नाही.

बाई छताकडे बघत होत्या. एवढे दिवस मनाची तयारी केली होती ती भोकांची. फसवल्यासारखं वाटत होतं आणि फसवणारं कुणी दिसत नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "हट्ट नाही केलात, हे बरं केलंत."

थोरलीने मात्र मोठ्या डॉक्टरांना जिन्यात गाठलंच. सुरुवातीलाच तुमचं ऐकलं असतं तर, असं तिने विचारलं. तिला वाटलं होतं ते मिशीवर हात फिरवतील. त्यांनी उलट सांगितलं, की वरचा भाग उघडून सोडवायचा म्हटलं असतं तर त्यांना बरगड्यांपर्यंत कापावं लागलं असतं, चीर याच्या दुप्पट झाली असती. "तुमची बहीण आज सकाळी वॉर्डात चालली ना?" ते म्हणाले. "ते त्या पोरीचं काम आहे." थोरलीला तोंडात मारल्यासारखं झालं, पण गोष्ट तिने प्रामाणिकपणे जशीच्या तशी येऊन सांगितली.

आठवड्याने अहवाल आला. गाठीसोबत काढलेल्या सतरा लसीका ग्रंथी, सतराच्या सतरा स्वच्छ. केमोची गरज नाही. मिस्टरांनी हाही कागद तीनदा वाचला. या वेळी घडी न घालता भिंतीवरच्या खिळ्याला टोचून ठेवला.

पण जखमेने सोडलं नाही. छोट्या डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. सहाव्या दिवशी चिरेचं खालचं टोक लाल झालं, सातव्या दिवशी पू आला, आणि खालचे टाके काढून जखम उघडी ठेवावी लागली. भोकं मात्र पाचही चार दिवसांत वाळून गेली. एकाच पोटावर दोन्ही पद्धतींचा निकाल शेजारी शेजारी लागला होता, आणि नर्स येणाऱ्याजाणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांना बाईंचं पोट नकाशासारखं दाखवत असे.

जखम रोज धुऊन आत औषधाच्या कापडाची पट्टी भरायची होती, तळापासून हलक्या हाताने, म्हणजे मांस खालून भरून येतं. घरी नर्स रोज येणं शक्य नव्हतं. नर्सने मिस्टरांना दोनदा करून दाखवलं. तिसऱ्या दिवशी मिस्टरांनी हात कोपरापर्यंत धुतले, हातमोजे चढवले, डोळ्याला दुकानातलं भिंग अडकवलं आणि चिमट्याने पट्टी भरली. नर्स जवळ उभी राहून बघत होती. तिने मिस्टरांना विचारलं, की इस्पितळात जागा आहे, येता का. मिस्टर लाजले.

पुढचे पाच आठवडे रोज सकाळी दहा वाजता हा कार्यक्रम. बाई पलंगावर आडव्या, खिडकी उघडी, मिस्टर भिंग लावून वाकलेले. दुखलं की बाई मिस्टरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. मिस्टर चिमटा थांबवत नसत. काम झालं की जखमेची खोली सांगत: आज साडेतीन सेंटिमीटर, आज तीन. एका सकाळी बाईंनी विचारलं, एवढं सगळं पोट रोज बघून शिसारी येत नाही का. मिस्टरांनी भिंग काढलं, पुसलं.

"तू बुडालेल्या पोरांच्या तोंडाला तोंड लावलंयस," ते म्हणाले. "हे काय त्याहून अवघड आहे?"

बाईंनी त्या दिवसानंतर शिव्या बऱ्याच कमी केल्या.

थोरली रोज सूप घेऊन येई आणि सूप संपेपर्यंत, हे सगळं चरबीमुळे झालं, हे समजावून सांगे. बाईंना ते लागत होतं. शेवटी पुढच्या तपासणीला त्यांनी थोरलीच्या समोरच छोट्या डॉक्टरांना विचारलं, की हा रोग माझ्या वजनाने ओढवून घेतला का. डॉक्टर म्हणाल्या की वजनाने धोका वाढतो हे खरं, कमी केलंत तर बरंच. पण एका माणसाकडे बोट दाखवून तुझ्या वजनामुळेच झालं, असं कुणालाच सांगता येत नाही. वय असतं, घराणं असतं. घरात आधी कुणाला होतं का, असं त्यांनी विचारलं.

दोघी बहिणींनी एकमेकींकडे बघितलं. वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी पोटाच्या दुखण्याने गेले होते. कसलं दुखणं ते कुणी विचारलं नव्हतं. शेवटी शेवटी ते फार वाळले होते, एवढं थोरलीला आठवत होतं.

"मग तुमचीही तपासणी करून घेऊ," डॉक्टर थोरलीला म्हणाल्या.

"माझी? माझं वजन बावन्न आहे."

"हो, तरीही."

थोरलीने पंधरा दिवस टाळाटाळ केली. आधी सर्दी झाली, मग पडदे धुवायचे निघाले. बाईंनी अखेर टॅक्सी थोरलीच्या दारात उभी केली आणि पोटाला पट्टा बांधून स्वतः जिने चढून वर गेल्या, तीनदा थांबत. एवढ्या चढून आलेल्या बहिणीला नाही म्हणणं थोरलीला जमलं नाही.

तपासणीत थोरलीच्या आतड्यात दोन कोंब, म्हणजे पॉलिप, निघाले. एक वाटाण्याएवढा, एक चांगला द्राक्षाएवढा. दोन्ही तिथेच, त्याच दुर्बिणीतून काढून टाकले. कॅन्सर नव्हता. पण मोठा कोंब तसाच राहिला असता तर काही वर्षांत झाला असता, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दर तीन वर्षांनी यायचं, एवढंच आता तिच्या मागे लागलं.

परतीच्या टॅक्सीत थोरली खिडकीबाहेर बघत गप्प बसली होती. इतका वेळ गप्प बसलेली थोरली बाईंनी कधी पाहिली नव्हती. मनात आलं असतं तर बाईंना त्रेपन्न वर्षांची सगळी परतफेड एका वाक्यात करता आली असती. वाक्य तयारही होतं. त्यांनी ते गिळलं आणि बहिणीच्या मांडीवर हात ठेवला. घराजवळच्या वळणावर थोरली म्हणाली की तिला भयंकर भूक लागली आहे. दोघींनी टॅक्सी बेकरीशी थांबवली.

बाई तलावावर परत गेल्या त्या ऑपरेशनला पाच महिने झाल्यावर. पहिले काही आठवडे फक्त काठावरून, शिटी आणि आवाज. सूर मारायला अजून परवानगी नाही, चिरेच्या जागी हर्निया होऊ नये म्हणून. कदाचित होईलही, असं छोट्या डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. झाला तर तेव्हा बघू. वजन एकशे चारवर आलंय आणि या वेळचे किलो बाईंनी स्वतः कमी केलेत, हे त्या आवर्जून सांगतात.

पाण्यात त्या शिडीने उतरल्या, एका मंगळवारी, मुलं यायच्या आधी. एकेक पायरी. पाणी कमरेला लागलं, मग चिरेला, मग छातीला. त्यांनी दांडी सोडली आणि पाठीवर आडव्या झाल्या. छताखालच्या काचांतून उजेड येत होता. कान पाण्याखाली गेले की बाहेरचं सगळं बंद होतं. बाई तशाच तरंगत राहिल्या. थोड्या वेळाने कुणीतरी हाका मारतंय असं वाटलं म्हणून त्यांनी डोकं वर काढलं. काठावर सकाळची पहिली तुकडी टोप्या घालून रांगेत उभी होती, आणि सगळ्यात पुढे एक नवीन मुलगी आईचा हात घट्ट धरून, पाण्यात अजिबात उतरणार नाही असं मोठ्याने सांगत होती.

बाई हळूहळू शिडीकडे निघाल्या.